देवनागरीत ग्राफिटी करणाऱ्यांनो, आधी शिरोरेषा सांभाळा

स्प्रेचा कॅन कसा धरायचा, जाड फवाऱ्याची फॅट कॅप कुठे आणि बारीक फवाऱ्याची स्किनी कॅप कुठे वापरायची, टॅगवरून (नावाची झटपट सही) थ्रो-अपकडे (पटकन भरलेली फुगीर अक्षरं) आणि मग पीसकडे (पूर्ण रंगवलेलं मोठं काम) कसं जायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते. पुण्यात एकटीने चाचपडत हे शिकण्याचा थकवा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. म्हणून मुलांची वर्षं जिथे वाया जातात, त्यावरच जास्त बोलते.

आपण सगळे न्यूयॉर्कची अक्षरं बघत वाढलो. 'टाकी १८३' असा टॅग मारत फिरणाऱ्या मुलावर १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख आला, पुढे डाँडीसारख्या ग्राफिटीवाल्यांनी तिथल्या सबवेच्या डब्यांवर अख्खे पीस उभे केले. ते जरूर बघा, गिरवा. पण ती वाइल्डस्टाइल, म्हणजे बाणांनी एकमेकांत गुंतवलेली अक्षरं, उचलून सरळ मराठी अक्षरांवर चढवलीत की फसलात. मीही यातच अडकले होते.

रोमन अक्षरं सुटी असतात. त्यांना बाण जोडा, पाय लांबवा, बरंच खपून जातं. देवनागरीत प्रत्येक जादा रेघ काहीतरी बोलते. अक्षराशेजारी उभा दांडा आला की तो काना होतो. वर बाक दिला की वेलांटी, खाली शेपूट सोडली की उकार, डोक्यावर रंगाचा ठिपका उडाला की अनुस्वार. आणि सगळ्यात वाईट गत शिरोरेषेची. थ, ध आणि भ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ती फट बुजली की 'थ' चा 'य', 'ध' चा 'घ' आणि 'भ' चा 'म' होतो. वहीत ही फट व्यवस्थित दिसते. भिंतीवर आउटलाइन जाड होते आणि दोन्ही बाजूंनी फटीत शिरते, उरलेली जागा थ्रीडीची सावली खाते. 'भाऊ' लिहायला घेतलेलं असतं आणि रस्त्यावरचा माणूस 'माऊ' वाचतो. म्हणून स्केचमध्येच ती फट आउटलाइनच्या जाडीच्या निदान तिप्पट ठेवा आणि सावली त्या बाजूला पाडूच नका. मग ग्राफिटीशी काही संबंध नसलेल्या माणसाला, पीएमपी बसची वाट बघत थांबलेल्या एखाद्या आजींना, रस्त्यापलीकडून वाचायला सांगा. त्या अडखळल्या तर अक्षर पुन्हा काढा.

घाबरू नका, हात बसतो. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं शोधून बघा. नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरतो, तरी वाचताना कुठे अडत नाही. सुलेखनकार अच्युत पालव यांचं कामही बघा. मोडी लिपी शिका. तिच्यात आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं सलग लिहितात. फ्लो यायला यासारखा सराव नाही.

प्रोजेक्टर लावून भिंत छापणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. निदान सुरुवातीची दोन वर्षं त्याला हात लावू नका, नाहीतर प्रमाण नजरेत बसत नाही. वर्षभर स्वतःच्या भिंती फुकट भरून घेणाऱ्या 'गुरू'पासूनही लांब राहा. त्यापेक्षा पेठेतला एखादा जुना बोर्ड पेंटर गाठा. सुतळीने लाइन मारणं आणि अक्षरांमधलं अंतर डोळ्याने जोखणं त्याच्याइतकं कुणी शिकवणार नाही.

रात्री गुपचूप भिंत मारायचा विचार सोडा. मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. तुरुंगवासाची तरतूद आहे त्यात. सोसायटीची भिंत असेल तर सेक्रेटरीच्या सहीचं पत्र खिशात ठेवूनच कॅन उघडा. परवानगीने काम केलं म्हणून ते पांचट होत नाही. कसबा पेठेत चित्रकार हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकाराने पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टमध्ये रंगलेल्या भिंती वाड्यावस्तीच्या मधोमधच होत्या.

पैशांचं थोडक्यात सांगते. दर स्क्वेअर फुटावर लावा. रंग आणि परांची वेगळी धरा. निम्मी रक्कम आधी घ्या. 'तुमची पब्लिसिटी होईल' म्हणणाऱ्या कॅफेवाल्याने माझे कॅनचेही पैसे दिले नाहीत. मोठा फिल, म्हणजे अक्षराच्या आतला रंग, रोलरने इमल्शनचा करा, स्प्रे फक्त आउटलाइन आणि फेडला (एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणं) ठेवा, खर्च खूप उतरतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचं काम घेऊ नका, पोपडे निघाले की दोष तुमच्यावरच येतो. आणि मास्क कार्ट्रिजवालाच घ्या, रुमालाने वाफ अडत नाही.