स्वयंपाकाच्या ‘स्मार्ट’ यंत्राचे नवे मॉडेल : घेण्यापूर्वी त्याची पारख कशी करावी

वाटणे, शिजवणे, वाफवणे, तोलणे आणि कणीक मळणे ही सारी कामे एकाच भांड्यात करणारे आणि पडद्यावर पाककृती दाखवत पुढची पायरी सांगणारे यंत्र घ्यावे की नाही, हा प्रश्न आता अनेक घरांत निघू लागला आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका घरी झालेल्या प्रात्यक्षिकाला मी बसलो होतो. तासाभरात टोमॅटोचे सूप, फळांचे थंड सरबत आणि गाजराचा हलवा झाला, आणि तिन्ही पदार्थ उत्तम झाले. नंतर मात्र लक्षात आले, की हे तिन्ही पदार्थ ओले, सतत ढवळायचे आणि पाण्याच्या उकळीहून फारसे जास्त तापमान न लागणारे होते, म्हणजे या यंत्राला सर्वांत सोपे जाणारे होते. विक्रेत्याने निवडलेल्या पदार्थांवरून यंत्र जोखू नये. पदार्थ आपण निवडावेत आणि शक्य तर सामानही आपल्याच घरचे न्यावे.

त्यासाठी आधी एक वही घेऊन घरात आठवडाभर प्रत्यक्ष काय शिजले ते लिहून काढावे. प्रत्येक पदार्थापुढे यंत्र तो पूर्ण करील, अर्धा करील की मुळीच करणार नाही, याची खूण करावी. पोळी आणि भाकरी येथेच अडतात, कारण यंत्र कणीक मळून देते, पण लाटणे आणि भाजणे आपल्याकडेच राहते. तवा आणि गॅस ओट्यावरून हलत नाहीत. साबुदाण्याच्या खिचडीसाठी पाते उलट दिशेने, बोथट बाजूने फिरण्याची सोय आहे का ते विचारावे, नाहीतर दाण्यांचा लगदा होतो. इडली-डोशाचे पीठ, चटण्या, पुरण वाटणे, खीर, बासुंदी यांपुढे बहुधा ‘पूर्ण’ अशी खूण पडेल. बासुंदीचे दूध आटवताना पळी घेऊन तासभर उभे राहावे लागत नाही, हा फायदा मी मनापासून मानतो. पण वहीत आठवड्याला अशा खुणा चार-पाचच असतील, तर त्या चार-पाच पदार्थांसाठी एवढी किंमत मोजायची तयारी आहे का, हे प्रथम ठरवावे.

तापमानाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण माहितीपत्रकात त्याचा एकच आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि बाकीचे अध्याहृत ठेवलेले असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे हेच तापमान १२० अंशांच्या आसपास जाते आणि तूरडाळ काही शिट्यांत मऊ होते. वाटणाऱ्या-शिजवणाऱ्या यंत्रांच्या झाकणात सहसा अशी वाफ कोंडत नाही, म्हणून त्यांत वरण शिजायला उघड्या पातेल्याइतकाच वेळ लागतो. वाफ कोंडणारे विजेचे कुकर वेगळ्या जातीचे असतात आणि ते वाटण करत नाहीत. विक्रेता ‘यात सगळेच होते’ असे म्हणाला, तर भिजवलेली तूरडाळ भांड्यात घालून घड्याळ लावावे.

दुसरी कसोटी भाजण्याची. कांदा आणि सुके खोबरे खरपूस तपकिरी होण्यासाठी त्यांचा पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर जावा लागतो, आणि मिसळीच्या रश्श्याची सारी चव त्या भाजलेल्या वाटणात असते. थर्मोमिक्स या अशाच एका प्रसिद्ध यंत्राच्या २०१४ सालच्या टीएम ५ या मॉडेलची मर्यादा १२० अंश होती. २०१९ च्या टीएम ६ मध्ये ती १६० अंशांपर्यंत गेली. मात्र हे वरचे तापमान पडद्यावरच्या ठरावीक पाककृती आणि कार्यक्रमांमध्येच मिळते, स्वतःच्या हाताने लावता येत नाही. त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या यंत्राबाबत ‘कमाल तापमान किती’ एवढेच न विचारता ‘माझ्या मर्जीने किती अंश लावता येतात’ असे विचारावे. अर्धा किलो कांदा आणि अर्धी वाटी खोबरे सोबत न्यावे. कांदा तपकिरी होण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजत राहिला, तर ओट्यावर कढईची जागा राखून ठेवावी. फोडणीही अशीच तपासावी : दोन चमचे तेल रुंद तळाला पातळ पसरते, आणि मोहरी तडतडल्याचे बंद झाकणाआडून केवळ कानाने ओळखावे लागते.

नव्या मॉडेलची जाहिरात वाचताना जुन्या मॉडेलचे माहितीपत्रक शेजारी ठेवावे. थर्मोमिक्सचेच उदाहरण पाहायचे, तर २०२५ मध्ये आलेल्या टीएम ७ ला १० इंचांचा पडदा मिळाला आणि वाफवण्याचे भांडेही मोठे झाले, पण शिजवण्याच्या भांड्याची क्षमता मात्र टीएम ५ पासून २.२ लिटरच राहिली. पाचसहा माणसांच्या घरात पाहुणे आल्यावर रस्सा दोन खेपांत करावा लागेल का, हे ठरते ते याच आकड्यावरून. पडद्याच्या लांबी-रुंदीचा त्याच्याशी संबंध नाही. उलट, गणेश चतुर्थीला एकवीस उकडीचे मोदक एकाच वेळी वाफवायचे असतील, तर वाफेचे मोठे भांडे ही खरी सुधारणा ठरते. जुन्या मॉडेलची भांडी आणि पाती नव्याला बसतात का, आणि जुन्याचे सुटे भाग आणखी किती वर्षे मिळतील, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

घरी आणल्यानंतर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, काही मोजमापे करून घ्यावीत. एक लिटर पाणी २५ अंशांवरून आपल्याकडच्या उकळीपर्यंत नेण्यासाठी १००० वॅटच्या हीटरला निव्वळ हिशेबाने पाच मिनिटे लागतात. भांडे तापणे आणि हवेत जाणारी उष्णता धरून सहा-सात मिनिटे समजावीत. याहून फार उशीर लागला, तर हीटर सांगितला तेवढ्या ताकदीचा नाही किंवा घरातल्या विजेचा दाब कमी आहे. तराजूसाठी अर्धा लिटर दुधाची पिशवी भांड्यात रिकामी करावी; आकडा ५१५ ग्रॅमच्या आसपास यायला हवा, कारण दूध पाण्यापेक्षा थोडे जड असते. यंत्र चालू असताना भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा सुरू करावे. वीज गेली आणि आली की यंत्र राहिलेल्या पायरीपासून सुरू होते की सारे पहिल्यापासून, हे देखभालीसाठी वीज बंद असण्याच्या दिवशी फार महत्त्वाचे ठरते.

प्लगचा विचार मात्र खरेदीच्या आधीच करावा. साधा ६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतच भार पेलतो. हीटर १००० वॅट आणि मोटर ५०० वॅट अशी दोन्ही एकदम चालली, तर ही मर्यादा ओलांडली जाते, म्हणून ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉइंट आणि चांगले अर्थिंग हवे. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या घरांत फ्रिज आणि ओव्हन एकाच तारेवर असल्याचे पुष्कळदा आढळते, तेव्हा आधी वायरमनकडून पाहून घ्यावे. वीजबिलाची धास्ती मात्र फारशी नको. १००० वॅटचा हीटर सलग अर्धा तास चालला तरी अर्धा युनिट होतो.

झाकणाची परीक्षा स्वतः करावी. गरम पातळ पदार्थ जोरात फिरत असताना झाकण उघडता येऊ नये, आणि पाते पूर्ण थांबल्यावरच कुलूप सुटावे. थर्मोमिक्सच्या टीएम ३१ या जुन्या मॉडेलच्या झाकणातून गरम अन्न उडण्याचा धोका होता. त्याबाबत ग्राहकांना वेळीच सावध न केल्यासह अनेक कारणांवरून ऑस्ट्रेलियातील विक्रेत्या कंपनीला तेथील न्यायालयाने २०१८ मध्ये ४६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. यंत्र कितीही हुशार असले तरी लहान मुले ओट्याजवळ असताना हा भाग गृहीत धरू नये.

आता ‘स्मार्ट’पणाचे. घरातले वाय-फाय बंद करून पाहावे : तापमान, वेग आणि वेळ हाताने लावून भाजी करता आली पाहिजे. पाककृतींचे वर्षाचे शुल्क किती, पहिल्या मोफत काळानंतर ते भरले नाही तर काय बंद होते, आणि पडद्यावर मराठी आहे का, हे विचारावे. घरातली ज्येष्ठ मंडळी किंवा स्वयंपाकाच्या मावशी यंत्र वापरणार असतील, तर भाषेचा प्रश्न शोभेचा राहत नाही. लिडल या जर्मन दुकानसाखळीने युरोपात विकलेल्या अशाच एका यंत्रात २०१९ मध्ये फ्रान्समधील तंत्रज्ञांना मायक्रोफोन सापडला, ज्याचा ग्राहकांना पत्ता नव्हता, आणि त्यातली अँड्रॉइडची आवृत्तीही जुनी होती. म्हणून यंत्रात माइक किंवा कॅमेरा आहे का आणि सॉफ्टवेअरची सुधारणा किती वर्षे मिळेल, याचे उत्तर मागावे.

शेवटी दुरुस्ती. दुरुस्ती करणारा माणूस नाशिकला येतो, की यंत्र बांधून मुंबई-पुण्याला धाडावे लागते, आणि तो खर्च कोणाचा, हे बिल करण्यापूर्वी कागदावर घ्यावे. हमीतून पाते आणि झाकणाचे रबर बहुधा वगळलेले असते, त्यांची किंमत वेगळी विचारावी. मूळ खोका आणि आतले थर्माकोल हमी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावे. तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे कार्यालय कोणत्याही शहरात असले तरी बिल, हमीपत्र आणि विक्रेत्याची लेखी उत्तरे घेऊन नाशिकच्याच जिल्हा आयोगाकडे जाता येते.