व्हर्मीरची गल्ली रंगवायला घेण्यापूर्वी

रंग, कुंचले, पॅलेट यांचा विचार नंतर करावा. नक्कल करायची तर सर्वांत आधी मूळ चित्राची उंची आणि रुंदी आपल्या कॅनव्हासशी ताडून पाहावी. डच चित्रकार योहानेस व्हर्मीरने १६५८ च्या सुमारास रंगवलेले डेल्फ्ट शहराचे ‘छोटी गल्ली’ हे चित्र, जे आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, ५४.३ सेंटीमीटर उंच आणि ४४ सेंटीमीटर रुंद आहे. गेल्या वेळी मी घरात पडून असलेला २४ बाय १८ इंची कॅनव्हास घेतला आणि रुंदी बरोबर जुळवली. वर साडेचार सेंटीमीटर जागा उरली, ती आकाशाने भरून काढली आणि त्या रिकाम्या आकाशाखाली विटांचे ते भारदस्त घर ठेंगणे दिसू लागले. रंग नीट जमूनही तीन आठवड्यांचे काम वाया गेले.

म्हणून मापाचा कॅनव्हास बांधून घ्यावा. ते शक्य नसेल तर २० बाय १६ इंची घेऊन वरची सात मिलिमीटर पट्टी चिकटपट्टीने झाकावी. दुकानदाराने सांगितलेल्या मापावर विसंबू नये, स्वतः टेप लावावा.

संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकाराची प्रत विनामूल्य उतरवता येते. ती कागदावर छापून घ्यावी, कारण मोबाइलच्या पडद्यावर विटांचा तांबडा रंग भडक दिसतो. छापणाऱ्याने कडा कापल्या नाहीत ना, हे पुन्हा मोजून पाहावे. उजवीकडचे घर व्हर्मीरने स्वतःच कडेला तोडले आहे. ती तोड हलली की चित्राचा तोल बिघडतो. मग छापील प्रतीवर आणि कॅनव्हासवर सारख्याच संख्येचे चौकोन आखावेत. चौकोन लांबट होत असतील तर माप चुकले आहे, तिथेच थांबावे.

पांढरा, पिवळी माती, तांबडी माती, अंबर (तपकिरी माती), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि काळा एवढे रंग पुरतात. डावीकडची वेल निळसर दिसते, कारण हिरव्यातला पिवळा रंग काळाच्या ओघात उडाला आहे; ती आज दिसते तशी निळी रंगवायची की मूळची हिरवी, हे आधीच ठरवावे, अर्धवट मिश्रण करू नये.

विटा एकेक करून आखण्याचा मोह टाळावा. आधी भिंतीचा एकसंध तांबूस थर टर्पेंटाइनने पातळ करून द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा (पावसाळ्यात आठवडाही लागतो) आणि मगच चुन्याच्या फिकट रेघा बारीक कुंचल्याने, मध्ये मध्ये तुटू देत ओढाव्यात. खालच्या पांढऱ्या भिंतीला जाड रंग हवा. वरच्या थरात जवसाचे तेल खालच्यापेक्षा जास्त असावे, नाहीतर पुढे तडे जातात.

माणसे शेवटी. दारात हातकाम करत बसलेल्या बाईला नाकडोळे काढू नयेत. मुळातही ते स्पष्ट नाहीत.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवाव्यात. मागे स्वतःचे नाव आणि ‘नक्कल’ असे लिहावे. व्हार्निश सहा महिन्यांनी.