सोन्याचे नॅनोकण कर्करोगाच्या पेशींवर तपासताना

नॅनोकण घातल्यावर कर्करोगाच्या पेशी मेल्या, हे दाखवायला फार दिवस लागत नाहीत. त्या कणांमुळेच मेल्या, कणांबरोबर आलेल्या दुसऱ्या कशामुळे नाहीत, हे सिद्ध करण्यातच बहुतेक वेळ जातो. या क्षेत्रात नव्याने काम सुरू करणाऱ्या संशोधकाने प्रयोगाची आखणी याच प्रश्नाभोवती करावी.

कण बनवण्याआधी ते कशासाठी हवेत हे ठरवावे, कारण आकार त्यावर अवलंबून असतो. १५ ते २० नॅनोमीटरचे गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, पण हा प्रकाश ऊतींमध्ये फार खोल जात नाही. ऊतींतून तुलनेने सहज पार होतो तो साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश. म्हणून लेसरने गाठ तापवायची असेल तर सोन्याच्या नॅनोकांड्या किंवा सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच असलेले कण घ्यावेत. किरणोपचाराची परिणामकारकता वाढवायची किंवा औषध वाहून न्यायचे असेल तर गोल कण पुरेसे आहेत, आणि नवख्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

गोल कणांसाठी रसायनशास्त्रज्ञ टर्केविच यांची १९५१ मधील पद्धत आजही वापरली जाते. काचेची भांडी अम्लराजाने, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने, धुवावीत. हे मिश्रण धूरपेटीतच ताजे करावे आणि कधीही झाकण लावून ठेवू नये, कारण वायू साचून बाटली फुटते. क्लोरोऑरिक या सोने असलेल्या आम्लाचे विरल द्रावण उकळत असताना आणि चांगले ढवळले जात असताना त्यात सोडियम सायट्रेट एकदम ओतावे. फिकट पिवळा रंग जातो, मग काळसर निळी छटा येते, आणि काही मिनिटांत द्रावण माणकासारखे लाल होते. सायट्रेटचे प्रमाण वाढवले की, एका मर्यादेपर्यंत, कण लहान होतात.

लाल रंग दिसला म्हणजे काम झाले असे मानू नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कोरड्या कणाचा आकार कळतो, तर कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणाऱ्या डीएलएस या तंत्रातून द्रवात असतानाचा. दोन्ही आकडे जुळत नाहीत आणि जुळायलाही नकोत. मात्र विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढत असल्यामुळे मोजक्या गुठळ्यासुद्धा डीएलएसचा आकडा फुगवतात, हे लक्षात ठेवावे. यापेक्षा साधी आणि माझ्या मते जास्त उपयोगी चाचणी मिठाची आहे. थोड्या द्रावणात शरीरातील द्रवांइतके, म्हणजे ०.१५ मोलर, मीठ होईल इतके खारे पाणी घालावे. नुसते सायट्रेट असलेले कण डोळ्यांदेखत लालाचे जांभळे आणि मग निळसर होतात, कारण ते एकमेकांना चिकटतात. पेशींच्या संवर्धन माध्यमातही क्षार असतातच. म्हणून कणांवर थायॉल (सोन्याला घट्ट चिकटणारा गंधकयुक्त गट) असलेले पीईजी हे बहुवारिक चढवावे, मिठाची चाचणी पुन्हा करावी, आणि लाल रंग टिकला तरच पुढे जावे. माध्यमात मिसळलेल्या सीरममधील, म्हणजे रक्तद्रवातील, प्रथिनांचा थर कणांवर चढतोच, त्यामुळे माध्यमात २४ तास ठेवल्यानंतरचा आकारही मोजावा.

यानंतर कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, आणि येथे कंजुषी करू नये. नॅनोकांड्या बनवताना वापरलेले सीटॅब हे साबणासारखे द्रव्य स्वतःच पेशींना विषारी असते, आणि ते अपुरे धुतले गेले तर सगळे श्रेय चुकून सोन्याला मिळते. प्रत्येक वेळी सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून कण तळाशी बसवून) शेवटच्या धुण्याचा वरचा द्रव जपून ठेवावा आणि कणांइतकाच तोही पेशींवर घालून पाहावा. त्या द्रवानेही पेशी मरत असतील तर कण पुन्हा धुवावे लागतील. सोन्याऐवजी चांदीचे कण वापरल्यास त्यांतून आयन सुटतात, म्हणून तेथे सिल्व्हर नायट्रेटचा वेगळा कंट्रोल हवा. जिवाणूंपासून आलेले एंडोटॉक्सिन हे विषही तपासावे, विशेषतः रोगप्रतिकारक पेशी वापरत असल्यास.

पेशी जिवंत आहेत का हे पाहणारी एमटीटी चाचणी रंगावर चालते: जिवंत पेशी जितक्या जास्त, तितका रंग गडद. तिचे वाचन साधारण ५७० नॅनोमीटरला घेतात आणि सोन्याचे कणही तेथे प्रकाश शोषतात. त्यामुळे पेशींमध्ये किंवा वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) उरलेले कण मेलेल्या पेशीही जिवंत भासवू शकतात. प्लेटमध्ये पेशी नसलेल्या, फक्त कण असलेल्या वेल ठेवाव्यात, आणि निष्कर्ष दुसऱ्या पद्धतीने पडताळावा. किरणोपचाराच्या प्रयोगात पेशीपासून वसाहत तयार होते का हे मोजणारी चाचणीच मुख्य धरावी.

मात्रा लिहिताना मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅम एवढेच देणे अपुरे आहे. मोठे किंवा गुठळ्या झालेले कण तळाशी बसतात आणि तळाला चिकटलेल्या पेशींना हिशेबापेक्षा जास्त मिळतात. पेशी विरघळवून आयसीपी-एमएस या धातूंचे अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या तंत्राने प्रत्येक पेशीमागे किती सोने गेले ते मोजावे.

लेसर किंवा क्ष-किरण वापरताना चार गट हवेतच: काहीही नाही, फक्त कण, फक्त किरण, आणि दोन्ही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण आणि २५० किलोव्होल्टचे क्ष-किरण एकत्र दिल्यावर एका वर्षानंतर ८६ टक्के उंदीर जगले, नुसत्या किरणांनी २० टक्के. आकडा मोहात पाडणारा आहे, पण तेथे सोन्याची मात्रा शरीराच्या किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत होती. ६० किलोच्या माणसासाठी ती सुमारे १६० ग्रॅम होते. शिवाय उपचारांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेगाव्होल्ट किरणांत सोने आणि ऊती यांच्या शोषणातला फरक बराच कमी होतो. म्हणून आपल्या किरणांची ऊर्जा ठळकपणे नोंदवावी.

प्राण्यांवर जाण्यापूर्वी नैतिकता समितीची परवानगी घ्यावी, आणि अपेक्षाही आवराव्यात: २०१६ मधील एका आढाव्यात टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या भागाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. उरलेल्यापैकी बराचसा यकृत आणि प्लीहेत जातो, तर सुमारे ५.५ नॅनोमीटरहून लहान कण मूत्रावाटे बाहेर पडू शकतात. म्हणून फक्त गाठीतले सोने न मोजता यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे, फुप्फुसे, रक्त, मूत्र आणि विष्ठा यांतलेही मोजावे, बेरीज टोचलेल्या मात्रेशी ताडून पाहावी, आणि मोठी तूट निघाली तर गाठीचा आकडा प्रसिद्ध करण्याआधी ती शोधावी.