गळक्या पाइपाला पट्टी गुंडाळताय? या चुका टाळा

आमच्या अंगणातल्या पाइपावर एकेकाळी सात ठिकाणी चिकटपट्टी होती. तरी जास्वंदीपर्यंत पोचेतो निम्मं पाणी वाटेतच सांडायचं आणि आई विचारायची, "झाडांना घालतोयस की फरशी धुतोयस?" त्यातल्या निदान चार पट्ट्या चुकीच्या जागी होत्या, हे खूप नंतर कळलं.

पाणी ठिबकतं तिथेच भोक असतं असं नाही. पाणी पाइपाच्या अंगावरून ओघळत येऊन सखल जागी पडतं. दोऱ्याची जाळी असलेल्या पाइपात तर आतला थर एकीकडे फाटतो, पाणी दोन थरांमधून सरकतं आणि वीतभर पुढे बाहेर येतं. मधे कुठे फुगा आला असेल तर आधी तिथेच संशय घ्या. पाइप सरळ पसरून फडक्याने कोरडा करा, टोकाचं नोझल बंद करा आणि नळ अगदी थोडा सोडा. मग मुठीतून पाइप सरकवत चला. बोटाला बारीक तुषार लागला की तिथे मार्करने खूण.

कापाकापी करण्याआधी नळाकडचं टोकही बघून घ्या. आट्यांचा कनेक्टर असेल तर आत रबरी वायसर असतो. तो कडक होतो, चपटा होतो, कधी पडून हरवतोही. तो बदलला की बहुतेक वेळा काम संपतं. लोक मात्र तिथे टेफ्लॉनचे वेढ्यावर वेढे देतात. पाणी वायसर अडवत असेल, तर आट्यांवर कितीही टेप गुंडाळून काय होणार?

मऊ पाइपाला कडक इलाज, ही माझी स्वतःची आवडती चूक. झटपट गोंद काय किंवा मळून लावायचा इपॉक्सी मसाला काय, दोन्ही वाळल्यावर दगड होतात. पाइप रोज वाकतो, गोंद वाकत नाही. कडेने तडा जातो आणि पाणी पुन्हा सुरू. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली तर कमी दाबावर चार दिवस निघतात. पण तेवढेच.

खरा उपाय म्हणजे खराब भाग कापून मधे जॉइंटर, म्हणजे दोन्ही टोकं पाइपात घुसणारी छोटी जोडनळी, घालणं. पाइपाचं माप आतल्या व्यासावर असतं: अर्धा इंची म्हणजे साधारण 12.7 मिमी, पाऊण इंची म्हणजे 19 मिमी. दुकानात अंदाजाने सांगू नका, कापलेला तुकडाच घेऊन जा. भोकाच्या दोन्ही बाजूंनी इंचभर जास्त कापा, धारदार कटरने, काटकोनात. करवतीने कडा फाटतात.

आता क्लिपा, म्हणजे पाइप जॉइंटरवर आवळून धरणाऱ्या कड्या. त्या पाइपावर आधी सरकवून ठेवायच्या असतात. मी एकदा दोन्ही टोकं घाम गाळून जॉइंटरवर चढवली आणि बघतो तर क्लिपा खिशातच. टोक चढत नसेल तर मगभर गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, मऊ पडतं. वाटल्यास साबणाचं पाणी लावा, तेल नको. क्लिप पाइपाच्या अगदी टोकाशी नको. जॉइंटरचे कंगोरे पाइपाखाली जिथे असतात, त्यांच्यावर बसवा. जोर लावून आवळलीत तर पाइप चिरतो. क्लिपेऐवजी बाइंडिंग वायर पिळली तरी तेच होतं, फक्त थोडं उशिरा.

एवढं करूनही जोड ठिबकतोय? एक तर टोक तिरकं कापलंय, नाही तर जॉइंटर बारीक पडतोय. क्लिप आणखी आवळून यातलं काहीच सुटत नाही.

नोझल बंद, नळ मात्र चालू, असा पाइप उन्हात सोडू नका. गच्चीवरच्या टाकीचा दाब दहा मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे साधारण एक किलो असतो. पंप थेट जोडला असेल तर तो बराच वाढू शकतो. उन्हाने मऊ झालेला पाइप मग नेमका जुन्या मोडीवर फुगतो.

पाइप वाकवल्यावर जागोजागी बारीक चिरा उघडत असतील तर जॉइंटर लावत बसू नका, एकामागून एक भोकं पडतच राहणार. नवा आणा. आमच्या सात पट्ट्यांवाल्या पाइपाचा एक चांगला तुकडा मी उभा चिरून बादलीच्या कडीवर चढवलाय. भरलेली बादली उचलताना कडी आता हाताला रुतत नाही.