वेटोळ्याचं टोक जळत होतं

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या खिडकीसाठी वेलबुट्टीची जाळी घडवत होतो. १० मिमीची चौकोनी सळई, टोक माशाच्या शेपटीसारखं चपटं करून गुंडाळायचं. सकाळी चार वेटोळी झकास झाली. दुपारी मात्र सळई भट्टीतून काढली की फुलबाजीसारख्या ठिणग्या, आणि ऐरणीवर घाव घातला की टोकाचा भुगा. माल भेसळीचा समजून भंगारवाल्याशी भांडूनही आलो.

शेजारचे लोहार काकाजी हसले. "अरे बापा, उन्हात लोखंडाचा रंग दिसते काय तुले?"

खरंच की! नागपूरचा मे महिना, सावली सरकलेली. तापलेल्या लोखंडाची चमक लख्ख उन्हात मंद दिसते. मी ज्याला नारिंगी समजत होतो, ते पिवळ्याच्याही पुढे, पार जळण्याइतकं तापलेलं होतं. गुंडाळायला साधारण १००० अंश सेल्सिअस, म्हणजे नारिंगी, पुरे.

मग भट्टीवर टिनाचं छप्पर, पश्चिमेला गोणपाट. ब्लोअरची झडप निम्मी बंद. पातळ टोक आधी तापतं, म्हणून ते निखाऱ्यांच्या पलीकडे काढून जाड भाग आत ठेवला. उरलेली सगळी वेटोळी धड निघाली.

भंगारवाल्याकडे अजून गेलेलो नाही. चहा पाजावा लागेल.