टीएमटीच्या कागदावरून ट्रेडमिलचा सराव कसा ठरवावा

जुलैचा पाऊस लागला की रंकाळ्याच्या काठावर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी पांगते आणि त्यांतले बरेच जण व्यायामशाळेतल्या किंवा घरातल्या ट्रेडमिलकडे वळतात. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या फाइलीत त्या वेळी टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासणाऱ्या चाचणीचा, एक कागद पडून असतो आणि त्यावरचा ‘निगेटिव्ह’ एवढा एकच शब्द त्यांनी वाचलेला असतो. खरे पाहता त्याच कागदावरच्या बाकीच्या आकड्यांत सरावाचा वेग, चढ आणि मर्यादा ठरवण्यापुरती माहिती असते. पडद्यावरचा वेग हा यंत्राचा आकडा आहे. तो वेग तुमच्या शरीराला किती महाग पडला हे नाडी, श्वास आणि रक्तदाब सांगतात, आणि सराव त्यांना विचारूनच ठरवावा लागतो.

चाचणीला जाताना

चाचणीपूर्वी दोन-तीन तास जड काही खाऊ नये. मिसळ कितीही खुणावत असली तरी ती परतीच्या वाटेवर खावी. चहा, कॉफी आणि तंबाखूची चिमूट या तिन्ही गोष्टी ठोके वाढवतात, म्हणून त्याही त्या वेळेत टाळाव्यात. बीटा ब्लॉकर गटातले, म्हणजे ठोके कमी ठेवणारे, रक्तदाबाचे किंवा हृदयाचे औषध चालू असेल, तर ते घेऊन यायचे की थांबवून, हे डॉक्टरांना आधीच विचारावे, कारण निदानासाठीच्या चाचणीआधी ते कधी थांबवायला सांगतात, पण सरावाची मर्यादा ठरवायची असेल तर औषध नेहमीप्रमाणे घेऊन केलेली चाचणीच उपयोगाची असते. असे औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. ताप असेल, किंवा अलीकडे बसल्या जागी छातीत दुखू लागले असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. अशा वेळी चाचणी पुढे ढकलतात. पायात बूट असावेत. वर्षानुवर्षे वापरून मऊ झालेली चप्पलसुद्धा पट्ट्यावर चालत नाही.

इलेक्ट्रोड चिकटवण्यापूर्वी त्वचा खसखसून घासतात आणि पुरुषांच्या छातीवरचे केस जागोजागी काढतात. ते थोडे झोंबते आणि अनेकांना उगाचचा त्रास वाटतो, पण तेवढे केले नाही तर चालताना ईसीजीची रेघ इतकी थरथरते की मिलिमीटरभराचा फरक वाचता येत नाही, आणि चाचणीचा सगळा निकाल तर त्या मिलिमीटरवरच अवलंबून असतो.

पट्ट्यावर काय घडते

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही चाचणी ब्रूस पद्धतीने करतात. अमेरिकेतील सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ, दुसऱ्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के, तर चौथ्यात ६.८ किलोमीटर आणि १६ टक्के. पहिला टप्पा वेगाने इतका संथ असतो की माणसे हसतात. दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस बोलणे कमी होते आणि तिसऱ्यात जोतिबाच्या पायऱ्या आठवू लागतात.

ठोके पहिल्या पावलाच्या आधीच, नुसत्या तयारीने, वाढायला लागतात. विश्रांतीच्या वेळी मेंदूकडून येणारी व्हेगस नस हृदयाला लगाम घालून असते. व्यायाम सुरू होताच आधी तो लगाम सैल होतो आणि ठोके साधारण शंभरापर्यंत येतात, त्यापुढची वाढ मुख्यतः अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांमुळे होते. विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलणारे हृदय निरोगी तरुणाच्या बाबतीत पूर्ण दमछाकीच्या वेळी २० लिटरपर्यंत जाते. एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्तही सुरुवातीला वाढते, पण सराव नसलेल्या माणसात कुवतीच्या निम्म्याच्या आसपास ते थबकते आणि तिथून पुढचा भार बहुतांशी ठोक्यांच्या संख्येवरच पडतो. त्याच वेळी आतडी आणि मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा वाटा आखडला जाऊन, एरवी पाचव्या हिश्श्याएवढे रक्त मिळणाऱ्या स्नायूंकडे ऐंशी टक्क्यांहून अधिक रक्त वळते. भरल्या पोटी चाचणी का नको, याचे उत्तर यात आहे.

वरचा रक्तदाब प्रत्येक मेटमागे साधारण १० ने वाढतो, खालचा मात्र जवळपास तसाच राहतो किंवा थोडा उतरतो, कारण स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. एक मेट म्हणजे शांत बसलेल्या शरीराला लागणारा प्राणवायू, वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर. भार वाढत असताना वरचा दाब वाढण्याऐवजी घसरू लागला, तर ते हृदय पुरे पडत नसल्याचे चिन्ह असू शकते आणि तिथे चाचणी थांबवतात. छातीत वाढती कळ, भोवळ, ठोक्यांची घातक अनियमितता किंवा २५० च्या वर गेलेला रक्तदाब हीदेखील थांबवण्याची कारणे आहेत. तुम्ही ‘बास’ म्हणालात तरी पट्टा थांबवावाच लागतो, तेव्हा छातीत काही वाटले तर शेवटपर्यंत दडपून ठेवण्यात शौर्य नाही.

समोरचा दांडा घट्ट धरणे ही सर्वांत नेहमीची चूक. एके काळी तालमीत घुमलेले एक वस्ताद आमच्या चाचणीच्या खोलीत आले होते. मनगटे अजून खुंट्यासारखी, पण पट्टा सुरू होताच त्यांनी दांडा असा आवळला की बोटांची पेरे पांढरी पडली. “वस्ताद, नुसती बोटे टेकवा,” असे म्हटल्यावर ते म्हणाले, “टेकवतो की, पण ह्यो पट्टा पळतोय की खालनं!” दांड्यावर अंगाचा भार टाकला की पायांचे काम कमी होते, प्राणवायू कमी लागतो, आणि माणूस वेळ जास्त काढल्यामुळे कागदावर कुवत फुगवून दाखवली जाते. शिवाय मूठ आवळून धरण्याने स्नायू जागच्या जागी ताणले जातात आणि त्यामुळे वरचा व खालचा असे दोन्ही दाब वाढतात. दोन बोटे टेकवणे तोल सांभाळायला पुरते. त्या वस्तादांनी तिसऱ्या टप्प्यात बोटे सोडली तेव्हा त्यांचे ठोके मिनिटभरात स्पष्टपणे वर गेले. ताकद आणि दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तालमीतल्या माणसाला खरे तर कुणी सांगायला नको.

कागद वाचताना

पाच आकडे शोधावेत: एकूण वेळ, गाठलेले मेट, सर्वोच्च ठोके, सर्वोच्च रक्तदाब आणि थांबल्यानंतर पहिल्या मिनिटात उतरलेले ठोके. नऊ मिनिटे पूर्ण केली म्हणजे सुमारे १० मेट होतात आणि मध्यमवयीन माणसाच्या दृष्टीने ती चांगली कुवत आहे. २२० मधून वय वजा करून आलेल्या आकड्याच्या ८५ टक्क्यांना पोहोचणे पुरेसे मानतात, मात्र हे सूत्र सरासरीचे असून एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. म्हणून सूत्राच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष मोजलेला आकडा मी केव्हाही वरचढ मानतो. थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके १२ पेक्षा कमी उतरले, तर व्हेगसचा लगाम नीट परतलेला नाही असे समजतात आणि तो आकडा डॉक्टरांना मुद्दाम दाखवावा.

ईसीजीच्या एसटी भागाचे, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या टोकदार शिखरानंतर येणाऱ्या सपाट रेघेचे, १ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आडवे किंवा खाली उतरते दबणे हे रक्तपुरवठा अपुरा असल्याचे लक्षण मानतात. पण ही चाचणी अचूक नाही: स्त्रियांमध्ये ती कित्येकदा विनाकारण पॉझिटिव्ह येते आणि निगेटिव्ह आली म्हणून रक्तवाहिन्या स्वच्छ असल्याची हमी मिळत नाही. एसटी दबले असेल किंवा छातीत कळ आली असेल, तर पुढचा सराव स्वतः न ठरवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावा. तिथे सहसा ज्या ठोक्यांवर तक्रार सुरू झाली त्याहून निदान दहा ठोके खाली मर्यादा आखून देतात.

आपले ठोके आणि आपला चढ

बावन्न वर्षांच्या एका व्यक्तीचा हिशेब पाहू. सूत्राप्रमाणे तिचे कमाल ठोके १६८ येतात, पण ती चाचणीत दमून १६० वर थांबली. सकाळी अंथरुणात मोजलेले ठोके ७६. दोहोंतला फरक ८४, म्हणजे हृदयापाशी शिल्लक असलेली वाढ. या ८४ चे ४० टक्के, म्हणजे ३४, विश्रांतीच्या ७६ मध्ये मिळवले की ११० होतात आणि ६० टक्के मिळवले की १२६. पहिले महिना-दीड महिना या व्यक्तीने ११० ते १२६ च्या दरम्यान चालावे, आणि अंगवळणी पडल्यावर वरची मर्यादा ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १३५ पर्यंत न्यावी. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याने सूत्र बाजूला ठेवून औषध घेऊन केलेल्या चाचणीतलाच आकडा धरावा. घड्याळावर विश्वास नसेल तर बोलून पाहावे: वाक्ये बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम श्रम.

वेग वाढवावा की चढ, या प्रश्नावर माझा कौल चढाला आहे. सपाट पट्ट्यावर ताशी ५ किलोमीटर चालण्याला सुमारे ३.४ मेट लागतात. वेग ६ केला तरी ते जेमतेम ३.९ होतात. तोच वेग ५ ठेवून चढ ५ टक्के केला, तर मात्र ५.५ मेट. ३ टक्के चढावर ५ किलोमीटरने चालणे हे चाचणीच्या पहिल्या टप्प्याच्या जवळपास बरोबरीचे आहे, म्हणून तो टप्पा सहज पार केलेल्याला तिथपर्यंत पोहोचायला हरकत नाही. चढामुळे पाऊल हलके पडते आणि गुडघ्यांवरचे आपटणे वाढत नाही. एवढे लक्षात ठेवावे की ट्रेडमिल उतार शिकवत नाही. पन्हाळा चढताना दम पुरला तरी उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना लांबत-लांबत भार पेलावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ते जाणवते.

आठवड्यात पाच दिवस, दररोज अर्धा तास, म्हणजे १५० मिनिटे हे उद्दिष्ट धरावे. सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात. प्रत्येक वेळी पहिली आणि शेवटची पाच मिनिटे संथ चालावे. शेवटची पाच मिनिटे गाळण्याचा मोह होतो, पण चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात; पट्टा एकदम थांबवला की रक्त पायांत साचते, दाब घसरतो आणि भोवळ येते.

एक वही ठेवावी. तारीख, वेग, चढ, दहाव्या मिनिटाचे ठोके, एवढेच लिहावे. पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातील पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडते आणि त्याच वेगाला ठोके कमी लागू लागतात. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि प्राणवायू वापरणारे मायटोकाँड्रिया वाढायला त्याहून अधिक आठवडे जातात. वहीत १२४ चे ११६ झाले आणि तसेच राहिले, की चढ एका टक्क्याने वाढवावा. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत मात्र त्याच वेगाला ठोके वर सरकत जातात, कारण घामाने रक्तातले पाणी कमी होते आणि अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते. पंखा समोर लावून, पाणी जवळ ठेवून घेतलेली नोंदच मागच्या नोंदीशी ताडावी.

चालताना पोटरी आवळून येऊन थांबल्यावर दोन-चार मिनिटांत मोकळी होत असेल, तर तो पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा प्रकार असू शकतो आणि तपासणी करून घ्यावी. निदान पक्के झालेल्यांसाठी सरावाची रीत उलटी आहे: मध्यम दुखेपर्यंत चालायचे, दुखणे पूर्ण थांबेपर्यंत बसायचे, पुन्हा चालायचे. छातीत भरून येणे किंवा डाव्या हाताकडे, जबड्याकडे सरकणारी कळ यांना मात्र हा नियम लागू नाही. तिथे लगेच थांबून मदत मागावी.

लग्नसराई किंवा दिवाळीमुळे दोन-तीन आठवडे खंड पडला, तर सर्वांत आधी कमावलेले रक्तातले पाणीच सर्वांत आधी जाते. परत सुरुवात करताना वहीतला शेवटचा चढ न लावता दोन टक्क्यांनी खाली यावे, दहाव्या मिनिटाला नाडी पाहावी, आणि आकडा जुन्या जागी आला की मगच पुन्हा वर चढावे.