रोमन मातीचे दिवे जमवताय? या चुका टाळा

माझ्या संग्रहातला पहिला दिवा खोटा निघाला. वरच्या तबकडीत झुंजणारे दोन ग्लॅडिएटर, चोचीला दाट काजळी, तळाला ‘फोर्टिस’ या रोमन कारखान्याचा शिक्का. आणखी काय हवं? जर्मनीत कोलोनला घरी आणून ओला कापूस फिरवला, तर काजळी सगळी कापसावर आली आणि खालून कोरी करकरीत माती निघाली. एकाच दिव्यात तीन चुका करून बसलो होतो.

चित्रावर भाळणं

चित्र सगळेच बघतात, म्हणून खोटा दिवा करणाराही सगळा जीव तिथेच ओततो. तुम्ही दिवा हातात घेतलात की आधी उलटा करा, मग तेल ओतायच्या भोकातून टॉर्च मारून आत बघा. रोमन कुंभार वरचा भाग एका साच्यात आणि खालचा दुसऱ्यात, बोटांनी माती दाबून काढायचा. ओलसर असतानाच दोन्ही जोडायचा आणि भोकं नंतर पाडायचा. त्यामुळे आतल्या अंगाला बोटांचे ठसे आणि सांध्यावर सारवल्यासारखी माती दिसते. माझ्या दिव्याचं पोट आतून चिनी मातीच्या कपासारखं गुळगुळीत होतं. पातळ माती साच्यात ओतून केलेल्या मालाची ती खूण.

मापही घ्या. माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून अस्सल दिव्यावरून साचा काढून केलेली नक्कल मूळ दिव्यापेक्षा लहान आणि पुसट येते. ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात बहुतेक दिव्यांची मापं दिलेली आहेत, ती जुळवून बघता येतात. पण निव्वळ पुसट आहे म्हणून दिवा फेकून देऊ नका. रोमन कुंभारही एकमेकांच्या मालावरून सर्रास साचे काढत.

शिक्का म्हणजे पुरावा समजणं

‘फोर्टिस’चा कारखाना उत्तर इटलीत मोदेना इथला. 2008 मध्ये तिथे उकिरड्याचा एक खड्डा उकरला गेला, त्यात हा शिक्का असलेले दिवे सापडले. पण हे नाव इतकं चालायचं, की साम्राज्यभरच्या कुंभारांनी ते बिनदिक्कत आपल्या दिव्यांवर उमटवलं. म्हणजे अस्सल रोमन दिव्यावरचा शिक्काही ‘नकली’ असू शकतो! असा दिवा मी आनंदाने घेईन, फक्त मोदेनाच्या भावाने नाही.

काजळीचंही तसंच. खरी काजळी मातीत मुरते आणि चोचीच्या आतपर्यंत जाते. काजळी नसेल तर मात्र बिचकू नका. थडग्यात किंवा देवळात ठेवलेले कितीतरी दिवे कधी पेटलेच नव्हते.

धुऊन लख्ख करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते आपल्याच हाताने. दिव्यावरचा पांढरा थर बहुधा चुन्याचा असतो. त्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसून तो जातो खरा, पण मातीतही चुना असेल तर तीही खाल्ली जाते आणि वरचा लाल लेप सुटतो. मी एका दिव्यावर हा प्रयोग केला. पाच मिनिटांत त्यावरचा ससा गेला, कान तेवढे उरले.

मऊ कोरडा ब्रश आणि लाकडी टूथपिक, बस. माती चिकट असेल तर ब्रश किंचित ओला करा, दिवा पाण्यात बुडवू नका.

आता दुसरी गोष्ट. ठेवल्या जागी दिव्यावर पांढरी भुकटी यायला लागली आणि पापुद्रे सुटायला लागले, तर त्याला लोणा लागलाय. जमिनीतले क्षार मातीत मुरलेले असतात. हवा दमट-कोरडी होत राहिली की ते बाहेर येऊन स्फटिक धरतात, आणि लेप उचलला जातो. माझा दिवा हीटरच्या वरच्या फळीवर होता, एका हिवाळ्यात चोच सोलून निघाली. भुकटी ओल्या फडक्याने पुसली तर क्षार पुन्हा आत जातात. दिवा उष्णतेपासून लांब, हवामान स्थिर राहील अशा बंद कपाटात हलवा. क्षार काढायचे तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याच्या अंघोळी घालाव्या लागतात. ते काम जाणकाराकडेच द्या.

पेटवणं

आई दिवाळीला इकडे आली होती. मी ऑफिसातून येईतो तिने देवापुढे चौथ्या शतकातला दिवा लावला होता. “दिवा आहे ना? मग रिकामा कसा ठेवतोस?” तेल मातीत झिरपलं, बुडावर रुपयाएवढा काळा डाग पडला. तो काढायच्या भानगडीत मी पडलो नाही.

कागद न मागणं

“जुना युरोपीय संग्रह” ही चिठ्ठी कागद नव्हे. आधीची पावती, लिलावाची यादी, तारखेचा फोटो, काहीतरी मागा. इस्रायलमधून 1700 पूर्वीची वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. सीरियातून 15 मार्च 2011 नंतर बेकायदा बाहेर गेलेल्या वस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांची बंदी आहे. युरोपीय संघाबाहेर सापडलेली, 250 वर्षांपेक्षा जुनी उत्खननातली वस्तू संघात आणायची तर 28 जून 2025 पासून आयात परवाना लागतो, मग ती शंभर युरोची का असेना.

आणि हौसेने भारतात नेणार असाल तर थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 100 वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. पुण्याला भावाच्या शोकेसमध्ये दिवा ठेवलात, तर परत येताना तो तिथेच राहील असं धरून चाला.